अकरा सह्या

प्रांताच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. कनिष्ठ सभागृहातील नव्वद सदस्यांना सगळे प्रौढ नागरिक थेट निवडून देतात आणि तिथे काय चालते, याविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असते. वरिष्ठ सभागृहातील छत्तीस सदस्य कसे येतात, हे मात्र त्या छत्तिसांपैकीही काहींना धड सांगता येत नाही. बारा जणांना नगरपालिकांचे सदस्य पाठवतात, बारा जणांना कनिष्ठ सभागृह निवडते, तिघांना पदवीधर, तिघांना शिक्षक, आणि उरलेल्या सहांची नेमणूक होते. हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी त्याचा तिसरा हिस्सा निवृत्त होतो, आणि म्हणून दर दोन वर्षांनी शिक्षकांच्या वाट्याला एक जागा येते.

त्या एका जागेसाठी मुख्याध्यापकांनी बावीस वर्षांची नोकरी सोडली होती. नियमच तसा होता. शिक्षकाला मत देता येते. उभे राहायचे तर आधी राजीनामा. तो परत घेता येत नाही हे कारकुनाने त्यांना दोनदा वाचून दाखवले होते, दुसऱ्या वेळी तर आवाज थोडा चढवून. सेवानिवृत्तीला अजून सहा वर्षे होती. सदस्यत्वाची मुदतही सहाच वर्षांची. निवडून आले तर सहा वर्षे सभागृहात, नाही आले तर सहा वर्षे घरात, असा हिशेब त्यांनी पत्नीला समजावून सांगितला होता. पत्नी त्यांच्याच शाळेत इतिहास शिकवीत असे. तिने तो ऐकून घेतला आणि घरातल्या सहा वर्षांसाठी त्यांच्यापाशी काही योजना आहे का, एवढेच विचारले.

मतमोजणी तंत्रशाळेच्या व्यायामशाळेत झाली. भिंतीला चढण्याच्या शिड्या, छताला गुंडाळून बांधलेले दोर, मध्ये चार टेबले, आणि टेबलांपलीकडे उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले लाकडी खण. उमेदवार चौघे होते. मतदाराने पहिल्या पसंतीच्या नावापुढे एकचा आकडा लिहायचा, वाटल्यास पुढच्या नावांपुढे दोन, तीन, चार. दुसरे काहीही लिहायचे नाही. ज्याला सर्वांत कमी मते, तो बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांत वाटल्या जातात. कोणाला तरी निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालते.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले होते. स्वतःची मते स्वतः न्याहाळणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. टेबलाशी त्यांचा प्रतिनिधी म्हणून मेहुणा होता. मेहुणा वकील होता, आणि गप्प बसण्याबद्दल फी मिळू शकते हे त्याच्या कानावर कधी आलेच नव्हते.

पहिल्याच तासात निवडणूक निर्णय अधिकारी बाईंच्या हाती एक विचित्र मतपत्रिका आली. मुख्याध्यापकांच्या नावापुढे एकचा आकडा व्यवस्थित होता, पण खाली उजव्या कोपऱ्यात झोकदार सही होती आणि सहीखाली आखूड रेघ. मग आणखी एक, मग आणखी. अशा एकूण अकरा निघाल्या. कारण समजायला वेळ लागला नाही. तपासलेल्या प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात सही आणि सहीखाली रेघ हवीच, अशी मुख्याध्यापकांच्या शाळेत बावीस वर्षांची शिस्त होती. बिनसहीचा गठ्ठा ते न बोलता परत पाठवीत. त्यांच्या शिक्षकांनी मतदानकक्षात चार नावे तपासली, योग्य त्या नावापुढे आकडा घातला आणि सवयीने सही करून कागद पेटीत टाकला.

मतदाराची ओळख पटेल अशी खूण असल्यास मतपत्रिका बाद, असे नियम सांगतो. बाईंनी त्या अकरा मतपत्रिका वेगळ्या खणात ठेवल्या. त्यांच्यावाचून निकाल लागावा, अशी त्यांची इच्छा असावी. ती पुरी झाली नाही. दुपारपर्यंत दोन उमेदवार बाद झाले आणि मागे उरले मुख्याध्यापक आणि दुसऱ्या एका शाळेतले ड्रॉइंग मास्तर. मुख्याध्यापकांना चारशे दोन, ड्रॉइंग मास्तरांना चारशे नऊ. अकरांपैकी दहा मुख्याध्यापकांच्या होत्या, एक मास्तरांची. त्या धरल्या तर मुख्याध्यापक दोन मतांनी आमदार, न धरल्या तर सात मतांनी घरी.

आता मेहुणा उभा राहिला आणि त्या दिवशी तो खरोखर चांगला बोलला. नियमात सही हा शब्दच नाही, त्याने दाखवून दिले. नियम ओळख पटण्याविषयी बोलतो. सही वाचता येत नसेल, ती कोणाची हे कोणी सांगू शकत नसेल, तर ती सही नव्हे, नुसते वळण आहे; आणि वळणासाठी कोणाचे मत मारता येत नाही. बाईंनी नियम पुन्हा वाचला आणि त्याचे म्हणणे मान्य केले. मग त्यांनी रीतसर विचारणा केली. टेबलावरच्या कारकुनांना एकही सही ओळखता आली नाही. ड्रॉइंग मास्तरांनी चष्मा वर करून सगळ्या पाहिल्या आणि सांगितले की दोन-तीन ठिकाणी रेषा फार सुरेख आहे, पण हात कोणाचा ते कळत नाही. बाईंनी दहा मतपत्रिका मुख्याध्यापकांच्या खणात वर ठेवल्या, एक मास्तरांच्या, आणि चारशे बारा आणि चारशे दहा हे आकडे लिहायला लेखणी उचलली.

"एक मिनिट, बाई," मेहुणा म्हणाला. "मास्तरांच्या खणातली ती एक आहे ना, तिच्याबद्दल माझी हरकत आहे."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "अहो, तुम्हीच आत्ता म्हणालात ना, ही नुसती वळणं आहेत?"

"दहा आहेत. ही स्पष्ट आहे. तीन अक्षरं आहेत. हिची ओळख पटू शकते."

"कोण पटवणार?"

"आमचे भावोजी. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शाळेतला कागद हलत नव्हता. कोणाचीही सही विचारा, झोपेतसुद्धा सांगतील."

दोनाच्या फरकापेक्षा तिनाचा फरक बरा, एवढाच त्याचा विचार होता. ती सही त्याच्या स्वतःच्या बहिणीची होती. पण शाळेत ती नावाची तीन अक्षरे गुंफून सही करी, आणि मेहुण्याने तिच्या पत्रांखाली जन्मभर 'तुझी ताई' याखेरीज काही वाचलेले नव्हते.

मुख्याध्यापकांना मागच्या बाकावरून बोलावण्यात आले. बाईंनी मतपत्रिकेचा वरचा भाग कोऱ्या कागदाने झाकला, फक्त सही उघडी ठेवली, आणि प्रश्न काय आहे ते सांगितले. मेहुण्याने मदत म्हणून मध्येच सांगून टाकले की ही तिकडच्या खणातली आहे, तेव्हा निःसंकोच सांगा.

मुख्याध्यापक त्या तीन अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिले. कारकुनाला वाटले की त्यांना चष्मा हवा आहे. त्याने आपला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"ओळखतो," ते म्हणाले.

मेहुण्याने ड्रॉइंग मास्तरांकडे पाहून दिलगिरीची मान हलवली. बाईंनी ती मतपत्रिका बाद केली. मग मुख्याध्यापकांच्या खणातल्या सह्यांच्या दहा काढून त्या एकेक करून मुख्याध्यापकांपुढे मांडू लागल्या. नियम सगळ्यांना सारखा लावायचा असतो आणि ओळखणारा माणूस आता समोर उभाच होता.

मेहुण्याच्या ध्यानात ते तिसऱ्या मतपत्रिकेला आले. प्रकाश अपुरा आहे, असे त्याने म्हणून पाहिले. साक्षीदार दमला आहे, असेही म्हणून पाहिले. शेवटी त्याने बाही ओढून कुजबुजत सांगितले, "भावोजी, नाही म्हणा. एवढंच म्हणायचंय." मुख्याध्यापकांनी बाही सोडवून घेतली. दहा वेळा 'ओळखतो' म्हणायला चार मिनिटेही लागली नाहीत. नावे त्यांनी सांगितली नाहीत आणि बाईंनी विचारली नाहीत. निकाल सात मतांनी लागला. ड्रॉइंग मास्तर त्यांच्यापाशी येऊन काही बोलू पाहत होते, पण त्यांना तेवढ्यात सही करायला टेबलाशी बोलावले गेले.

पत्नी गच्चीत दोरीवरचे कपडे काढीत होती. निकाल तिला भावाकडून आधीच कळला होता. तो फोनवर रडला, असे तिने सांगितले, आणि एक चादर नवऱ्याच्या हाती दिली. दोघांनी ती दोन्ही टोकांनी धरून घडी घातली. आपले मत धरले गेले का, हे तिने विचारले. बाद झाले, त्यांनी सांगितले.

"सही केली होती का मी?"

"हो. रेघेसकट."

ती क्षणभर ओशाळली. मग दुसरी चादर काढता काढता तिने विचारले, "भाऊ म्हणाला, सगळ्यात आधी तीन अक्षरांची सही दाखवली. ती माझीच ना?"

"हो."

"आणि ती कुठल्या खणातली हे तुम्हाला माहीत होतं."

"तुझ्या भावाने सांगितलं."

"मग ओळखतो म्हणालात ते खरं होतं म्हणून, की त्या खणातली होती म्हणून?"

मुख्याध्यापक थांबले. प्रश्न त्यांना रीतसर वाटला, आणि रीतसर प्रश्नाला अंदाजपंचे उत्तर देणे त्यांना कधी जमले नव्हते. चादरीचे टोक हातात धरून त्यांनी सगळा प्रसंग मनाशी पुन्हा एकदा तपासला.

"पहिली त्या खणातली होती म्हणून," ते म्हणाले. "पुढच्या दहा खरं म्हणून."

तिने मान डोलावली. चादरीची शेवटची घडी तिने एकटीनेच घातली.

"तुम्हाला दुसरा क्रमांक होता," ती म्हणाली. "पहिला का नाही, ते विचारणार नाही?"

"मतदान गुप्त असतं."

"मत गुप्त असतं. कारण नाही. विचाराल तेव्हा सांगेन."

त्यांनी घड्या घातलेले कपडे दोन्ही हातांनी उचलले आणि जिन्याकडे वळले. त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. विचारायला त्यांच्यापाशी आता सहा वर्षे होती.