त्यांच्या पश्चात

ऑफिसात त्यांना सगळे 'खोडरबर' म्हणत. तोंडावर नाही हं, तोंडावर 'काका'. हे नाव ठेवलं होतं काकांच्या घरातल्या माणसाने. एकदा फोनवर "खोडरबर आहे का जागेवर?" असं विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मजल्यावर झालं.

वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान काका बघत. इतरांना ते पान म्हणजे शिक्षा. काका मात्र तिथे डोळ्यांत तेल घालून बसत. त्यांच्या आधी त्या पानावर काय काय छापून येई, विचारू नका. मूल नसलेली बाई 'निपुत्रिक'. पाय अधू असलेला माणूस 'अपंग असूनही हसतमुख', जणू त्याने रडतच बसायला हवं होतं. नवरा गेल्यावर एकटीने शाळा उभी केलेली बाई आधी 'विधवा' आणि मग मुख्याध्यापिका. मेलेला माणूस उठून भांडायला येत नाही, म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं? काका भांडले. मालकांशी भांडले, बातमीदारांशी भांडले, शेवटी मालकांनी हात टेकले आणि काकांनी लिहिलेली नियमांची छोटीशी पुस्तिका टेबलाटेबलावर आली. माणूस स्वतःला जे म्हणवून घेई तेच त्याला म्हणा. लग्न झालं नव्हतं, ही कुणाची ओळख नव्हे. पश्चात कोण आहे हे लिहिताना रक्ताची माणसं मोजून थांबू नका, बरोबर कोण राहत होतं तेही विचारा.

एका नियमावर काका फारच अडून बसले होते. घरच्यांनी दिलेल्या मजकुरातला एक शब्दही त्यांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. सुचवा, समजावा, पण अखेरचा शब्द त्यांचा. त्याला कारण घडलं होतं. एका आजीबाईंनी नवऱ्याच्या निधनाच्या मजकुरात स्वतःला 'अभागी' म्हटलं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी नव्या शिकवणीच्या उत्साहात तो शब्द काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आजीबाई जिने चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "माझं दुःख तुम्हाला चुकीचं वाटलं का रे?" काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

तर असे आमचे काका. आणि परवा त्यांच्या घरातलाच माणूस गेला.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक तो. सगळ्यांचा 'चष्मेवाला', काकांचाही चष्मेवालाच. वीसेक वर्षांपूर्वी काका त्याच्याकडे नंबर काढायला गेले आणि भिंतीवरच्या तक्त्यातली छपाईची चूक दाखवून बसले. चष्मेवाला पोट धरून हसला. "अहो, तुम्हाला चष्मा कशाला? मलाच द्या तुमचे डोळे!" पुढे दोघांनी एक घर केलं. भाजी तो आणी, आणि ती जून निघाली म्हणून कुरकुर काका करत. तो मोठ्याने गाई, आणि सुरात नाही म्हणून बोलणी खाई. कुठल्याही घरात असतं तसंच. शेवटी आजारात दवाखान्याच्या बाकावर रात्रंदिवस काकाच होते. त्याच्या बहिणीने, ताईंनी, हे सगळं पाहिलं होतं. त्या येत, जेवत, उरलेलं डब्यात घालून नेत.

काकांनी रजा घेतली ती सर्दीची. जवळचं माणूस गेल्याची रजा मिळते हो, पण तिच्या अर्जात नात्यांची नावं छापलेली असतात, त्यात हे नातं कुठे बसायचं? मग घर खायला उठलं, तसे ते कामावर आले. दुपारी त्यांच्यासमोर मजकूर येऊन पडला. भाच्याने पाठवला होता.

'...यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात बहीण, मेहुणे, भाचे असा परिवार आहे. भेटण्याचे ठिकाण: बहिणीचे निवासस्थान.'

काकांनी तो परत वाचला. मग चष्मा काढून पुसला, आणि चष्मा कुणी बनवलाय हे आठवून तसाच हातात धरून बसले.

शेजारी पानं जुळवणाऱ्या बाई बसत. माणूस जुनं, जीभ तिखट, पण मन साफ. त्यांनी काँप्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "काका, सरका. मी घालते एक शब्द. 'जोडीदार'. चूक माझी म्हणून सांगा, फार तर बोलणी खाईन."

"नको. त्यांना विचारायला हवं."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हटलंय." आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला!

त्यांनी ताईंना फोन लावला. ताई फोनवरच रडल्या, काकाही रडले. मग काका म्हणाले, "ताई, मजकूर आलाय. त्यात 'अविवाहित' शब्द आहे, तो काढूया का?"

"काढ बाबा. मलाही टोचला होता तो. पोराला कळत नाही."

काकांचा जीव थोडा भांड्यात पडला. ते धीर करून म्हणाले, "आणि 'पश्चात'मध्ये... मी घालू का? माझं नाव नको. नुसतं 'जोडीदार' एवढंच."

पलीकडे ताईंनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"हे बघ," ताई म्हणाल्या, "तू त्याचं काय काय केलंस ते मला दिसत नव्हतं का? सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलंस."

"मग ताई, छापायला काय हरकत आहे?"

"दिसणं वेगळं आणि छापणं वेगळं रे. मला या गल्लीत राहायचंय. उद्या लोक माझ्या दारात येतील. ते माझ्या भावासाठी रडतील की त्या एका शब्दाचा चोथा करत बसतील? मला त्याच्यासाठी रडू दे रे. एवढंच मागते."

काकांकडे उत्तरं होती. अशा बोलण्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांनी अनेकांना शिकवलं होतं. पण समोरून रडणाऱ्या बाईला त्यांनी आयुष्यात कधी युक्तिवाद करून गप्प केलं नव्हतं, आणि आजही जमेना.

"असं कर," नाक पुसत ताई म्हणाल्या, "शेवटी 'आणि मोठा मित्रपरिवार' असं घाल. त्यात तू आलासच की! तुला कुठे आम्ही वगळतोय?"

दगडापेक्षा वीट मऊ. काका म्हणाले, "बरं ताई." आणि रिवाजाप्रमाणे सगळा मजकूर फोनवर वाचून दाखवला. आवाज कुठे हलू दिला नाही. ताई म्हणाल्या, "छान झालंय. तुझ्यासारखं लिहिणं कुणाला जमायचं नाही."

फोन ठेवल्यावर बाई उसळल्याच. "मित्रपरिवार? अहो, तुम्हीच ना तो शब्द दिसेल तिथे खोडता? ज्यांची आठवण नाही त्या सगळ्यांना कोंबायची अडगळीची खोली म्हणता!"

"त्यांचं दुःख आहे, बाई. त्यांचा शब्द."

"आणि तुमचं दुःख? ते काय सर्दी आहे?"

काकांनी मजकूर बाईंकडे पाठवून दिला. बाईंनी तो पानात बसवला, चौकट जरा ठळक केली, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

सकाळी वर्तमानपत्र दारात पडलं. काकांनी ते उभ्याउभ्याच उघडलं. मजकुरात एकही चूक नव्हती. फोटो दुकानातला, हसरा. खाली ताईंचा पत्ता.

लोक तिकडे गेले. खूप गेले म्हणे. ज्यांना ज्यांना त्याने पहिला चष्मा लावून दिला होता ते सगळे. ताईंच्या दारात चपलांचा ढीग पडला. ऑफिसातलेही जाऊन आले, बहिणीचं सांत्वन करून आले. मालकांनी तर वाटेवरून काकांना फोन केला, "तुमच्या ओळखीचे होते ना ते? फार चांगला माणूस हो."

"हो," काका म्हणाले. "चांगला होता."

इकडे दुपार झाली तरी बेल वाजली नाही. काकांनी पुढची खोली झाडून ठेवली होती, खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. पाण्याचा तांब्याही भरून ठेवला होता. मोठा मित्रपरिवार स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होता, आणि त्याला भेटायला कुणी येणार नव्हतं.