पाण्याखालची गाडीवाट

आश्रुबा हट्टी आहे हे अख्ख्या नव्या टाकळीला ठाऊक होतं. पण अठरा वर्षं धरणाकडं पाठ करून बसायचं म्हणजे हट्टाचीही कमाल झाली. येलदरीचं पाणी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गावाची गुरं तिथं पाण्यावर जायची, बाया धुणं धुवायच्या, पोरं दिवसभर डुंबायची. आश्रुबानं मात्र ओसरीवर बाजच अशी टाकलेली की बसलं की तोंड डोंगराकडं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ज्यानं माझी बारा एकर गिळली, त्याचं तोंड कशापायी बघू?"

बारा एकर काळी, आणि मधून आमराई. जुनी टाकळी पाण्यात गेली तेव्हा ती जमीनही गेली. सरकारनं बदल्यात माळ दिला, त्यात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. त्या माळाशी झगडता झगडता आश्रुबाचा मुलगा दत्तराव मेला. मागं त्याची बायको सुमनबाई आणि एकुलता एक पोरगा बन्सीधर.

आणि या बन्सीधरनं काय करावं? भोयाची पोरगी केली.

भोई म्हणजे मासे धरणारे, धरणाच्या पाण्यावर पोट भरणारे. म्हणजे आश्रुबाच्या लेखी गुन्हा दुहेरी झाला, एक जातीचा आणि एक धरणाचा. त्यात दिवस नामांतराच्या वादाचे. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव माणसं समोरच्याची जात बघून राम राम घालायला लागली होती. भावकीतला रंगनाथ पारावर म्हणालाच, "काका, लोक जातीसाठी डोकी फोडायलेत आन् तुमचा नातू जात सोडून बसला." आश्रुबा खाली मान घालून घरी आला आणि त्यानं जाहीर केलं, की पोरीला घराबाहेर काढणार नाही, पण तिच्या हातचं खाणार नाही, पिणार नाही.

दोन वर्षं हा नेम चालला. रुख्मिणी घरात सगळं करायची, सासऱ्याच्या बापाची भाकरी तेवढी सुमनबाई थापायची. रुख्मिणीला झालेली सोनी मात्र दिवसभर म्हाताऱ्याच्या मांडीवर. ती त्याच्या मिशा ओढायची, धोतर ओलं करायची, म्हातारा हूं का चूं करायचा नाही.

"मामा," सुमनबाई एकदा सासऱ्याला म्हणाली, "लेक चालती आन् लेकीची माय चालत न्हाई, ह्यो कुठला न्याय?"

"लेक आपली हाय."

"आन् मी कुणाची होते? तरी तुमीच मला चारी धुऱ्यावरनं फिरवून आणलं का न्हाई?"

त्यांच्या घराची ती जुनी रीत होती. सून घरात आली की पहिल्या पेरणीआधी घरातल्या कर्त्या माणसानं तिला शेत दाखवायचं. चारी धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या चारी बांधांवरून फिरवायचं, प्रत्येक कोपऱ्यावरच्या दगडाला तिच्या हातून हळदकुंकू लावायचं, शेवटच्या कोपऱ्यावर नारळ. त्याशिवाय सून घरची झाली असं धरत नसत. रुख्मिणीच्या वेळी आश्रुबाला बरं निमित्त सापडलं होतं. शेतच न्हाई तर दावू काय? माळाला कुणी नारळ फोडतं व्हय?

रुख्मिणी यावर कधी बोलली नाही. ती बापाची होडी घेऊन आली होती, हाच तिचा हुंडा. सकाळ-संध्याकाळ ती आणि बन्सी पाण्यावर जायचे. माळानं जे दिलं नाही ते पाणी देत होतं. घरात चूल त्याच्यावर पेटत होती. आश्रुबा ती भाकरी खात होता आणि पाण्याकडं पाठ करून बसत होता. माणसाचा अभिमान असतो असा, खातो एकाचं आणि रुसतो त्याच्यावरच.

त्या साली वैशाखात पाणी फार खाली गेलं. मासे जुन्या टाकळीवरच्या खोलात गोळा झाले. तिथं जाळं टाकलं तर भरून यावं, आणि टाकलं की फाटून यावं. खाली काय होतं देव जाणे. पहिलं जाळं गेलं, बन्सीनं दुसरं नायलॉनचं आणलं, तेही पंधरा दिवसांत चिंध्या होऊन आलं. त्या संध्याकाळी बन्सीनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

"आई, मी औरंगाबादला चाललो," तो म्हणाला. "कंपनीत माणसं घ्यायलेत. रुख्मिणीला आन् सोनीला बी घेऊन जातो. सोमवारी निघायचं."

ओसरीवर आश्रुबानं ते ऐकलं. मांडीवर सोनी झोपली होती. जमीन गेली, मुलगा गेला, आता हे राहिलेलं एवढंसं ऊबदार ओझंही सोमवारी एसटीत बसणार. पण बोलेल तर तो आश्रुबा कसला? त्यानं डोंगराकडं तोंड केलं आणि खाकरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणी फाटकं जाळं घेऊन ओसरीखाली आली. दोन वर्षांत ती त्याच्याशी स्वतःहून बोलायची ही पहिली वेळ.

"आबा, एक इचारू? जुन्या गावात झाडं कुठं कुठं होती, तेवढं सांगा. मला एक बार जाळं टाकून बघायचंय. कंपनीच्या खोलीत जाऊन मी काय करू? मला दुसरं काई येत न्हाई."

आश्रुबा काही बोलणार नव्हता. पण जाळ्याच्या गाठीत अडकलेली लाकडाची ढलपी त्याला दिसली. त्यानं ती काढून घेतली. बोटाएवढी, काळी पडलेली. नखानं खरवडली, आत पिवळसर निघाली. एका अंगाला कुऱ्हाडीचा तिरपा घाव. आश्रुबा डावखुरा होता, आणि तो घाव डाव्या हाताचा होता.

"ह्ये आंब्याचं हाय," तो म्हणाला. "आमराईतलं. पाणी यायच्या आदी सरकारनं झाडं खांडून न्या म्हणलं. मी खांडली. पण बुडापसनं खांडायला हात धजला न्हाई, माझ्या बापानं लावलेली. म्हणून कमरेएवढे खुंट तसेच ठिवले."

रुख्मिणीनं फाटकं जाळं त्याच्यापुढं पसरलं.

"तुझी जाळी माझ्या खुंटांनी फाडली, पोरी. ह्ये माझंच पाप हाय."

"पाप कशाचं आबा," ती म्हणाली. "खुंट हायती म्हणून तर मासा तिथं थांबतोय. फकस्त मला मोकळी जागा कळाया पाहिजे."

मोकळी जागा. आश्रुबा डोळे मिटून बसला, आणि अठरा वर्षांनी आमराईत शिरला. डाव्या अंगाला झाडांची एक ओळ, उजव्या अंगाला दुसरी, आणि मधून विहिरीपर्यंत गेलेली गाडीवाट. दोन भरल्या गाड्या समोरासमोर आल्या तरी चाकाला चाक लागू नये एवढी रुंद. चाळीस वर्षं त्यानं त्या वाटेतला दगड न् दगड वेचून बांधावर टाकला होता. त्या वाटेवर खुंट नव्हता, काटा नव्हता, काही नव्हतं.

"सुमन," त्यानं हाक मारली, "माझा पटका दे."

आश्रुबा धरणाकडं निघाला ही बातमी त्याच्याआधी काठावर पोचली. धुणं धुणाऱ्या बाया थांबल्या. रंगनाथ म्हशी सोडून पुढं आला. "काका, वाट चुकलात का?"

"वाट दावायलाच चाललोय," आश्रुबा म्हणाला. पाण्याच्या काठाशी त्यानं वहाणा काढल्या, शेताच्या बांधाशी काढायचा तशा. मग बन्सीचा खांदा धरून होडीत पाय टाकला. होडी डुलली तसा म्हातारा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. काठावर कुणीतरी हसलं.

रुख्मिणी वल्ह्यावर, बन्सी पुढं लांब बांबू घेऊन, मधे आश्रुबा. खोलात गेल्यावर चहूकडं नुसतं पाणी. म्हातारा भांबावला. कुठली टाकळी आणि कुठली आमराई? मग त्याला आठवलं, नांगराचं पहिलं तास सरळ धरायचं तर जमिनीकडं बघून चालत नाही, लांबची खूण डोळ्यात धरावी लागते. त्यानं मान वर केली. पलीकडं नागोबाची खिंड होती. तिच्या अलीकडच्या टेकाडावर एकटा पळस, अजून तसाच.

"पळस खिंडीच्या बरोबर मधे आला की आपुन गाडीवाटेवर," तो म्हणाला. "अजून डावीकडं घे. अजून. आगं, वळव की."

"आबा, ही बैलगाडी न्हाई," रुख्मिणी म्हणाली. "हिला वळाया येळ लागतो." आणि वल्हं मारता मारता तीही खिंडीकडंच बघत होती. "माझा बाप बी असाच दोन खुणा जुळवून जागा धरायचा. मला वाटायचं ह्ये फकस्त आमच्यातच हाय."

आश्रुबानं तिच्याकडं बघितलं. पोरीचे दोन्ही डोळे खुणेवर होते, हात आपोआप चालत होते. नांगरावर बरा माणूस असाच दिसतो. हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली, की दोन वर्षं ही पोरगी दारात होती आणि आपण डोंगर बघत बसलो.

पळस खिंडीत आला. बन्सीनं बांबू उजवीकडं घातला, टक्कन लागला. डावीकडं घातला, टक्कन लागला. मधे घातला, तो खालपर्यंत सरळ गेला. चार हात पुढं, मोकळं. वीस हात पुढं, मोकळं. बन्सीनं मागं वळून आजोबाकडं बघितलं.

"बघतोस काय," आश्रुबा म्हणाला. "इहिरीपत्तोर मोकळीच हाय ती. मी वेचलीय."

फाटक्या दोन जाळ्यांतून रुख्मिणीनं दिवसभर बसून एक शिवलं. संध्याकाळी ते गाडीवाटेवर लांब लावलं. आणि सकाळी उजाडताना आश्रुबा सगळ्यांच्या आधी काठावर हजर. काखेत फडक्यात काहीतरी बांधलेलं. काय आहे ते सांगेना.

तिघं होडीतून जाळं ओढायला लागले तसं ते हलेना. बन्सीचा चेहरा उतरला. "आडकलं," तो म्हणाला.

"आडकलं न्हाई," रुख्मिणी म्हणाली. "जड हाय." तिनं पाय रोवले आणि ओढलं. पहिला रोहू पाण्यातून वर आला, मग दुसरा, मग एक कटला, सोनीपेक्षा मोठा. होडीत मासे उड्या मारायला लागले, म्हाताऱ्याचं धोतर चिंब झालं. तो मांडी आखडून बसला होता आणि मोठ्यानं हसत होता. जाळं शेवटपर्यंत वर आलं. एक धागा तुटला नव्हता.

रुख्मिणी होडी काठाकडं वळवायला लागली तसा आश्रुबानं हात वर केला.

"थांब. काम ऱ्हायलंय. खिंडीकडं तोंड कर, आन् इहिरीच्या अंगानं सरळ जाऊ दे."

"तिकडं काय हाय आबा?"

"आपला धुरा."

त्यानं फडकं सोडलं. कागदात हळदकुंकू, आणि एक नारळ. रुख्मिणीच्या हातातलं वल्हं थांबलं. सुमनबाईनं तिला ही रीत सांगितलेली होती, आणि आपल्या वाट्याला ती येणार नाही हेही तिनं कधीच मनाशी धरलेलं होतं. तिचे डोळे भरले. ती पुसायला थांबली नाही, हात मोकळे नव्हते.

एकेका खुणेवर होडी थांबत गेली. "ह्यो आग्नेय कोपरा, इथं बाभळ होती," आश्रुबा सांगायचा, आणि रुख्मिणी चिमूटभर हळदकुंकू पाण्यावर सोडायची. "ह्यो पांदीचा कोपरा. इथं ज्वारी पुरुषभर व्हायची, ध्यानात ठेव." बारा एकरांचा एकही बांध तो चुकला नाही. चौथ्या कोपऱ्यावर त्यानं नारळ तिच्या हातात दिला आणि पाण्याकडं बघून, अठरा वर्षांनी सरळ त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "ही आमची सून. रुख्मिणी. हिला वळख दे."

तिनं नारळ पाण्यात सोडला. तो बुडेना, होडीला टकटक लागत तरंगत राहिला. तिघंही त्याच्याकडं बघत बसले.

"घ्या आता," आश्रुबा म्हणाला. "देव म्हणायलाय, तुमीच खा."

रुख्मिणीनं तो उचलून होडीच्या कडेवर फोडला. खोबऱ्याचा तुकडा काढला आणि जरा घुटमळली. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, तिच्या हातून तुकडा घेतला आणि दाताखाली धरला. दात चारच होते, पण चावला.

काठावर निम्मं गाव जमलं होतं. मासे बघून रंगनाथनं डोळे विस्फारले. "काका, हा एवढा माल कुठं घावला?"

"आमच्या शेतात," आश्रुबा म्हणाला. मग सोनीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सुमनबाईला त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सुमन, सुनेला शेत दावून आणलं. चारी धुरे झाले."

सुमनबाईनं पदर तोंडाला लावला.

बन्सी टोपलीत मासे भरत होता. आश्रुबा त्याच्यापाशी थांबला. "तुला औरंगाबादला जायचं तर खुशाल जा बाबा. एसटीला बसवून द्यायला मी येतो. सून येणार न्हाई. तिला बारा एकर बघायचीय."

बन्सी हसायला लागला आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले. त्या दुपारी पेटी पुन्हा माळ्यावर गेली. आश्रुबा रुख्मिणीनं वाढलेली भाकरी खाऊन ओसरीवर आला, बाजेकडं बघत थोडा वेळ उभा राहिला आणि बन्सीला म्हणाला, "तिकडनं धर, फिरवायची हाय."