चाकं नसलेला बैल

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बैल आहे. उंचीला दोन वीत, अंगाने भरलेला, वशिंड जरासं डावीकडे कललेलं. शेतात मी कधी गेलो नाही आणि नांगराचं तोंडही पाहिलं नाही. माझा जन्म तान्ह्या पोळ्यासाठी झाला. खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मुलं लाकडाचे बैल सजवतात, दोरी धरून ओढत तोरणाखाली आणतात आणि मग घरोघरी बोजारा मागत फिरतात. बोजारा म्हणजे बैलाच्या मानाचा खाऊ, नाहीतर एखादं नाणं. ज्याने बोजारा आणला नाही तो बैल नुसतं लाकूड, असं आम्ही मानतो. त्या हिशेबाने मी फार वर्षं नुसतं लाकूडच होतो.

मला घडवलं ते देवराव यांनी. ते गिरणीत फिटर होते. गणेशपेठेतल्या त्यांच्या घरामागे एक सपरी होती, म्हणजे उघडी पडवी. तिथे रंधा, पटाश्या, कानशी भिंतीवर ओळीने टांगलेल्या असत. गिरणीचं काम पोटासाठी आणि सपरीतलं जिवासाठी, असं ते म्हणायचे. पहिली पाळी करून आले की चहाचा कप हातात घेऊनच ते सपरीत शिरत.

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. खाप्याहून आणलेला सागाचा एक ठोकळा त्यांनी पाटावर ठेवला आणि समोर बसलेल्या लेकीला म्हणाले, "गोपिके, यातून तुहा बैल निघन पाय." गोपिका तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. रंध्यातून निघालेले गोल छिलके ती बांगड्यांसारखे मनगटात घालून बसे आणि माझं नाक कधी निघतं ते बघे. आधी शिंगं निघाली, मग डोळे, मग गळ्याखालची पोळी. देवरावांचा हात असा चाले की माझ्याच अंगाचा मला गर्व वाटू लागला. पोळा जवळ आला तेव्हा माझे फक्त कान राहिले होते.

आणि तेवढ्यात घरात एक मोडकी बाजाची पेटी आली. तिचा भाता फाटलेला, पट्ट्या पडलेल्या. देवरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्या मनातून उतरलो. मला फळीवर ठेवून म्हणाले, "दोन दिवस थांब गा." ते दोन दिवस कधी सरले नाहीत. पेटीनंतर भिंतीवरच्या घड्याळाची कोरीव चौकट आली. मग इंदुताईंच्या बाळंतपणासाठी पाळणा आला. इंदुताई म्हणजे देवरावांची बहीण. पाळण्याच्या दांड्यांवर मोर कोरता कोरता इतका उशीर झाला की बाळ घरभर पळू लागलं, आणि तो पाळणा माझ्याशेजारी फळीवर येऊन बसला. पेटीही तिथेच होती. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत असू.

देवराव आळशी नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. सुरुवात करताना त्यांचा चेहरा उजळायचा, पण शेवट जवळ आला की त्यांना त्या वस्तूतलं एक ना एक न्यून दिसू लागे. दर श्रावणात ते मला खाली काढत, पॉलिश पेपरने घासत आणि डोकं हलवत. एका वर्षी कान जमला नाही, एका वर्षी वशिंड. मी दरसाल सुंदर होत गेलो आणि दरसाल फळीवर परत गेलो. गोपिका मात्र बाजारातला मातीचा बैल ताटलीत घेऊन तान्ह्या पोळ्याला जाई. घरी आली की न चुकता विचारे, "बाबा, माहा बैल कधी होईन?"

"पुढच्या पोळ्याले, नक्की."

अशी वर्षं गेली आणि गोपिका अकरा वर्षांची झाली. तेव्हा तिची आई पुष्पलता सपरीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती फारसं बोलणारी नव्हती. "अजी, यंदाच काय ते करा. पुढच्या साली पोरगी मोठी होते, मंग कोण बैल ओढते?"

देवरावांना ते लागलं. त्यांनी दुसरं सगळं बाजूला सारलं, शिसवीची चार चाकं घडवली आणि माझ्या पायांखालच्या पाट्याला आसासाठी भोकं पाडली. मित्रांनो, त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की आता आपण चालणार. पोळा चार दिवसांवर आला होता. तेल लावलेली चाकं पाटावर वाळत होती आणि गोपिका माझ्यासाठी आईच्या जुन्या चोळीच्या खणाची झूल शिवत होती.

नेमकं त्याच संध्याकाळी रुपराव आले. मोहल्ल्याच्या गणपतीची सगळी धावपळ त्यांच्याकडे असे. आमच्याकडे पोळा झाला की चार-पाच दिवसांत गणपती बसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा सूर्याचा रथ करायचा होता, आपोआप पुढे-मागे जाणारा. "देवराव, रथ तर झाला, पण चाकं काही जमून नाही राहिली गा," असं म्हणता म्हणता त्यांची नजर पाटावर गेली. "ही कोणाची?"

देवरावांनी एक चाक बोटावर फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "घेऊन जा. बैलाले मी दुसरी करतो, दोन संध्याकाळचं काम."

त्यांना ते खरंच वाटत होतं. पण रथ कसा फिरवायचा हे कोडं एकदा डोक्यात शिरल्यावर ते घरी जेवायलासुद्धा वेळेवर येईनात. पोळ्याचा दिवस गणपतीच्या मांडवात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीचा गलका उठला तेव्हाही ते मांडवातच होते.

दुपारी गोपिकाने मला खाली काढलं. शिंगांना बेगड लावली, झूल घातली, गळ्यात घुंगरू बांधले. मग तिने मला उलटं करून पाट्याची रिकामी भोकं पाहिली. ती रडली नाही. दोरी तिने तशीच माझ्या गळ्यात बांधली, मला कडेवर घेतलं आणि मारुतीच्या मंदिरासमोर जाऊन रांगेत उभी राहिली. सगळ्यांचे बैल जमिनीवर होते, मी तिच्या कमरेवर होतो. घुंगरू वाजू नयेत म्हणून तिने ते मुठीत धरले होते.

तोरणापाशी गणपतराव बसत. मोहल्ल्यातले सगळ्यांत वडीलधारे तेच. तोरणाखालून बैल ओढत नेला की ते आधी त्याच्या कपाळाला कुंकू लावत आणि मग पहिला बोजारा देत. त्यांनी मायेनेच विचारलं, "काहून वं गोपिके, तुहा बैल चालत नाही?"

"चालते ना आजोबा. त्याची चाकं गणपतीले देली."

पोरं खो-खो हसली. गणपतरावांनी मला कुंकू लावलं, पण बोजारा दिला नाही. "चालत आणजो पुढच्या साली, मंग देतो." त्यांचंही चुकलं नाही, रीतच तशी होती. पण मांडवातून निघालेले देवराव हातात सांडशी घेऊन गर्दीच्या मागे उभे होते आणि हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. तसा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीला दांडी मारली. एका बैठकीत चार चाकं केली, बसवली आणि मला गोपिकासमोर जमिनीवर ठेवलं. गोपिकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "छान झाला बाबा. आता ठेवून द्या. तान्हा पोळा तं होऊन गेला." रथ पाहायला त्या वर्षी सीताबर्डीपासून माणसं आली आणि देवरावांचं फार कौतुक झालं. मी फळीवर होतो. पुढच्या साली गोपिका मुलांत गेलीच नाही.

मग दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. फळीवर सगळे दिवस सारखेच असतात. गोपिका लग्न होऊन कोराडीच्या कॉलनीत गेली. तिचा नवरा तिथल्या वीज केंद्रात होता. पुष्पलता वारली. शेवटी देवरावांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला, पटाश्यांवर गंज चढला आणि माझ्या पाठीवर धुळीचा थर बसला.

सत्त्याऐंशीच्या तान्ह्या पोळ्याला गोपिका बसने माहेरी आली. सपरी झाडता झाडता तिचा हात माझ्यापाशी आला. तिने पदराने मला पुसलं, खोबरेल तेल लावलं आणि शिंगांना सुतळी बांधली. अंगणात देवराव खाटेवर टेकून बसले होते. तिशीला टेकलेली ती बाई भर अंगणात मला ओढत त्यांच्याकडे निघाली. मित्रांनो, मी चाललो. पाऊल न उचलता चाललो, पण चाललो. डावं चाक कुरकुरत होतं.

देवरावांनी कान टवकारले. "डावं चाक घासून राहिलं. आण इकडं, काढून देतो."

"नाही बाबा. आता याले हात नाही लावायचा," गोपिका म्हणाली. "चालून राहिला ना तो." मग खाटेपाशी येऊन तिने ओंजळ पुढे केली. "बोजारा द्या."

म्हातारा खाटेवर कसाबसा वळला. मग डाव्या हाताने त्यांनी उशाशी चाचपलं. कडू औषधानंतर तोंडात टाकायला ठेवलेला खडीसाखरेचा खडा तिथे होता. तो त्यांनी लेकीच्या ओंजळीत ठेवला आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तिचेही.

मित्रांनो, तुमच्या हातात कला असेल तर दहा वस्तू सुरू करा, माझं काही म्हणणं नाही. पण त्यातली एखादी कुणाला कबूल केलेली असेल, तर ती आधी द्या. वशिंड कललेलं चालतं, कान लहान-मोठे चालतात. वाट पाहणारं पोर मात्र मोठं होऊन जातं. मी आता कोराडीला गोपिकाच्या कपाटावर असतो. इथे वीज केंद्राची राख उडते, म्हणून गोपिका मला रोज पुसते. माझं डावं चाक अजून कुरकुरतं आणि कुणी तेल घालायला आलं तर ती घालू देत नाही.