मालकाची पाटी

घर घ्यायचं असेल तर आधी सुधाकररावांना दाखवा, असं नायगाव-वसईत निदान शंभरेक लोक तरी म्हणत असतील. ते सुधाकरराव म्हणजे मी. विमा कंपनीत तीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं, असा माझा समज होता. होता म्हणतोय.

माझी पद्धत साधी. लाद्यांवर नाणं वाजवून बघायचं. पोकळ वाजली की खाली माल कमी. भिंतीला एकाच जागी नवा रंग दिसला की त्याच्यामागची ओल शोधायची. विक्रीच्या ऑफिसातल्यांना काही विचारायचं नाही, ते पगार घेतात. पाण्याचे टँकर किती येतात ते समोरच्या टपरीवाल्याला विचारायचं. आणि शेवटचा, माझा स्वतःचा नियम. ज्याची जमीन होती त्याने बदल्यात मिळालेले फ्लॅट कुठे घेतलेत, ते बघायचं. त्याच्या आज्या-पणज्यांनी तिथे नांगर धरलेला असतो. पाणी कुठे साचतं, माती कुठे बसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो राहतो तिथे डोळे मिटून घ्यावं.

मीरा माझी धाकटी बहीण. तिचा नवरा गेला, तेव्हा त्याच्या ऑफिसकडून जे काही आलं ते तिने बँकेत ठेवलं आणि मला म्हणाली, "दादा, भाड्याच्या घरात नाही मरायचं मला. तू दाखवशील ते घेईन." लोक मला विचारून झाल्यावर आणखी चार जणांना विचारतात. मीराने कुणालाच विचारलं नाही. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

जूचंद्रला एक इमारत नुकतीच पुरी झाली होती. पुढे रस्त्याला लागून ए विंग, मागे खाडीच्या अंगाला बी विंग. बी विंगचा भाव फुटामागे चारशे रुपयांनी कमी.

"मागची स्वस्त का रे?" मीराने विचारलं.

"पुढे रस्ता आहे, दुकानं आहेत. तो रस्त्याचा भाव. आपल्याला काय रस्त्यावर झोपायचंय?"

ती हसली. मीही हसलो.

लाद्या खणखणीत वाजल्या. कागदपत्रं होती, राहायला परवानगी देणारी पालिकेची ओसी होती. ऑफिसात एक गुळगुळीत मॅनेजर बसला होता. त्याला काही विचारायचं नाही हा माझाच नियम; पण मोह आवरला नाही. म्हटलं, "सगळं ठीक आहे हो, पण जमीनमालकाने घर कुठल्या विंगला घेतलंय?" तो म्हणाला, "सर, बघून सांगतो." मग त्याला मी माझा नियम समजावून सांगितला, आज्या-पणज्यांसकट. इतक्या आदराने ऐकत होता की मी दुसरा चहाही घेतला. निघताना म्हटलं, "मालकाची पाटी बी विंगला दाखवा, त्याच दिवशी टोकन देतो."

आठ दिवसांनी गेलो तर बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, २०३ नंबरच्या दारावर, पितळी पाटी: श्रीपत जानू भोईर. दाराला आंब्याच्या पानांचं तोरणसुद्धा. समोरचा २०४ रिकामा होता. "संपला विषय," मी मीराला म्हणालो आणि २०४ चं टोकन दिलं. खाली गेटाबाहेर एक म्हातारी वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. तिच्याशी घासाघीस करून मी पाच रुपये कमी करून घेतले आणि मीराला म्हटलं, "बघ, असं बोलता आलं पाहिजे."

समोरचं दार दोन वर्षांत एकदाही उघडलं नाही. तोरण वाळून गळून पडलं. तिसऱ्या वर्षी मीराच्या झोपायच्या खोलीचं दार चौकटीत बसेना. मग खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरकी भेग गेली, करंगळी आत जाईल एवढी. अमावास्या-पुनवेला खाडीला उधाण आलं की लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरायचं आणि लिफ्ट चार-चार दिवस बंद. गुडघे धरून जिना चढताना मीरा मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. सोसायटीने आणलेल्या इंजिनियरने इमारतीला एक फेरी मारली आणि सांगितलं की ही बाजू भरावावर आहे, खचतेय, अजून खचेल. बिल्डरच्या ऑफिसच्या जागी तोवर केस कापायचं दुकान झालं होतं.

एकदा गेटाजवळ उभा होतो. शेंगावाली म्हातारी टोपली उचलून आत निघाली आणि सरळ ए विंगच्या लिफ्टमध्ये शिरली. वॉचमनला विचारलं, ही कोण? "ती बायजाबाई. जमीनमालकाची बायको. चौथ्या मजल्यावर राहतात दोघं."

चौथ्या मजल्यावरच्या त्या दारावर पाटी नव्हती. श्रीपत भोईर आत टीव्हीसमोर बसले होते. बायजाबाईंनी मला पाणी दिलं आणि खाली बसून उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

"काका, तुमची पाटी तिकडे आणि तुम्ही इकडे?" मी विचारलं.

"पाटी बिल्डर शेठनी लावली," म्हातारा म्हणाला. "त्या बाजूला आमच्या बानी पन कधी भात लावला नाय. उधानाचा पानी यायचा तिथं. मी बोललो, मना पुढच्या विंगला दोन घरं दे. शेठ बोलला, पुढं एकच देतो, एक मागं घे. मग एक दिवस तोच पलत आला. कोन तरी लय शाना मानूस येऊन गेलता. त्यानी सांगितला, मालकाची पाटी दाखवा, लगेच घेतो. शेठ बोलला, काका, नुसती पाटी लावू द्या, पुढं दोन्ही देतो. नुसती पाटीच ना, मी बोललो, लाव."

मी उसनं अवसान आणून म्हणालो, "म्हणजे तुम्ही लोकांना फसवलंत."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. बायजाबाईंनी घातली नाही.

"मी गेटावर बसते रोज," त्या म्हणाल्या. "कोनी इचारला असता तर सांगितला असता. तू आलास, शेंगा घेतल्यास, पाच रुपये पन कमी केलेस. इथं पानी येतं का, इतका नाय इचारलास."

लाज वाटली. टपरीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना विचारणारा मी, आणि त्या बाईकडून फक्त शेंगा घेतल्या होत्या.

मीराला मी सगळं सांगितलं. तो शहाणा माणूस कोण, तेही सांगितलं. तिने भेगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला हे घर विकायचंय. एजंट म्हणतात, बी विंग म्हटलं की लोक वरसुद्धा येत नाहीत."

"कसे येतील?"

"तुझं नाव असेल तर येतील. तुझी पाटी लाव माझ्या दारावर."

मला वाटलं टोमणा मारतेय. ती मारत नव्हती.

"मीरा, अगं कुणीतरी बिचारं..."

"मी पण बिचारीच होते, दादा. पुन्हा घर घ्यायला दुसरा नवरा नाही माझ्याकडे मरायला."

घरी जाऊन स्क्रू काढले. सुधाकर वामन केळुस्कर. पाटीखाली भिंतीचा रंग निराळाच निघाला. भेग बुजवायला माणूस लावला नाही. लांबी मीच भरली, रंग मीच मारला. मीराने कॅलेंडर बघून अष्टमीचा दिवस काढला. भांगाचे दिवस, खाडीचं पाणी वर चढत नाही. लिफ्ट चालू होती.

ज्ञानदा नावाची मुलगी आली, नवऱ्याला घेऊन. तिचे वडील आमच्या ऑफिसात होते. त्यांना मी भाईंदरला घर बघून दिलं होतं आणि ते अजून उभं आहे. आल्या आल्या तिने पर्समधून नाणं काढून लाद्यांवर वाजवलं. "बाबांनी शिकवलं," ती हसत म्हणाली. "त्यांना तुम्ही."

मी मनाशी ठरवलं होतं. हिने एक जरी प्रश्न विचारला तरी खरं सांगायचं. मग मीराचं काय व्हायचं ते होवो.

आतल्या खोलीत ती नव्या रंगापाशी थांबली. भिंतीवर तळवा टेकला, माझ्याकडे पाहिलं. विचार, बाई, विचार एकदा.

"जाऊ दे," ती म्हणाली. "दारावर तुमचं नाव आहे, आता काय विचारायचं!"

मीरा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने हातात काचेच्या बांगड्या घालायचं सोडलंय, तिच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. चहा झाला. दोघं निघाली. चपला घालताना ज्ञानदाला समोरचं कुलूप दिसलं, आणि त्यावरची पितळी पाटी.

"काका, समोर कोण राहतं हो?"

विचारलं होतं तिने. अगदी सरळ विचारलं होतं.

"जमीनमालक," मी म्हणालो.