बारापर्यंतच्या तारखा

एकही चूक उरली नव्हती, आणि म्हणूनच मला चैन पडत नव्हतं.

आंकुदच्या आमच्या दवाखान्यातल्या जुन्या नोंदी मी नव्या डेटाबेसमध्ये भरल्या होत्या. आम्ही आधी दिवस लिहितो, मग महिना. हा परदेशी पाहुणा आधी महिना वाचायचा. १८/०३ दिसलं की अडायचा. अठरावा महिना आणणार कुठून? मी अतिशहाणी. त्याला शिकवलं, अडलास की उलटं वाच. चुकांच्या लाल खुणा गेल्या, मी सगळ्यांना सफरचंदाचा केक वाटला.

सोमवारी नोल्फा सिस्टर सहज म्हणाल्या, "तो बेटावरचा एरिबेर्तो मान्सिया शुक्रवारी खिडकीशी आलेला. सांगितलं, तीन मेला या. किती कुरकुरला, बाई!"

"ज्यांच्या हृदयाच्या यंत्राची बॅटरी बदलायचीय ते? डॉक्टर म्हणाले होते ना, ती मार्च काढणार नाही?"

"मला काय विचारतेस? तुझं मशीन मे म्हणतंय."

मी त्यांचं जुनं कार्ड काढलं. ०५/०३. पाच मार्च, म्हणजे परवा! बारापर्यंतचे दिवस अडलेच नव्हते. महिने बनून गुपचूप आत बसले होते.

"फोन लावा ना!"

"वादळात बेटावरचा टॉवर पडलाय. रेडिओवर जा, पळ."

दुपारी बाराला रेडिओवर बेटांसाठी निरोप वाचतात: कुणाची गाय सापडली, कोण बाळंत झालं. मी धापा टाकत पोचले.

"आकडे नकोत," मी निवेदकावर जवळजवळ ओरडलेच. "पाच मार्च म्हणा. तीनदा म्हणा."

मंगळवारभर बाकीची कार्डं तपासली. जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी होडी लागली. कोंबड्या उतरल्या, बटाट्यांची पोती उतरली. मी नखं खात उभी. अगदी शेवटी टोपी सावरत एरिबेर्तो उतरले. ओठ निळसर झाले होते.

"मशीन चुकलं हो, बाबा," नोल्फा सिस्टर घाईनं म्हणाल्या.

"मशीन नाही. मी चुकले," मी म्हणाले. लाज वाटत होती, भीती त्याहून जास्त.

म्हाताऱ्यानं मला नखशिखांत न्याहाळलं. मग टोपी काढून माझ्या हातात कोंबली.

"मग ही धर. मी बाहेर येईपर्यंत खाली ठेवायची नाही."

दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार त्यांच्यामागे लागलं. मी बसले, उठले, येरझाऱ्या घातल्या, पण टोपी सोडली नाही. दोन तासांनी दार उघडलं आणि आतून खरखरीत आवाज आला,

"पोरी, टोपी कुठंय?"