पाणी, नाश्ता, साहेब

सरांनी टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. समोरचा मुलगा हनुवटी वर करून, न्हाव्यासमोर बसल्यासारखा छताकडे बघत उभा होता.

"श्वास घेऊ का, सर?"

"मुलाखत झाल्यावर घे."

आजूबाजूला हसू फुटलं, पण मागच्या रांगेपर्यंत पोहोचायच्या आतच विरलं. हॉलभर निळ्या युनिफॉर्ममधली मुलंमुली बसली होती आणि प्रत्येकाचा एक पाय हलत होता. मुलींचे स्कार्फ सकाळपासून इतक्या वेळा सोडून बांधले गेले होते की त्यांची इस्त्री मोडली होती. एका मोठ्या विमान कंपनीची माणसं आज मुलाखती घ्यायला यायची होती. अकराला येणार होती. आता जेवायची वेळ उलटत आली होती, आणि ओठांना रंग लावलेला असल्यामुळे मुली डबेही उघडत नव्हत्या.

या इमारतीत तळमजल्यावर टायरचं दुकान होतं आणि तिसऱ्या मजल्यावर विमानतळ. विमानतळ म्हणजे प्लायवुडचा एक चेक-इन काउंटर, भंगारातून आणलेल्या विमानाच्या तीन जोडखुर्च्या, आणि पाच देशांच्या वेळा दाखवणारी पाच घड्याळं, ज्यांतल्या चार देशांत काळ केव्हाच थांबला होता. विमानतळ व्यवस्थापनाचं शिक्षण इथे दिलं जाई. बाकी जग विमानात बसायला धडपडतं. इथली मुलं दुसऱ्यांना विमानात बसवायला धडपडत होती.

केबिनचं दार किलकिलं झालं आणि त्यातून संचालकांचं एक बोट बाहेर आलं. बोटानं सरांना बोलावलं.

"दार लावा," संचालक म्हणाले. त्यांचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता आणि फोन अजून हातात होता. "येत नाहीयेत ते."

"कोण?"

"कोण काय? कंपनी! भरती पुढे ढकललीय म्हणे. कधीपर्यंत, विचारलं, तर कळवू म्हणाले."

सर काही क्षण टेबलावरच्या छोट्या विमानाकडे बघत राहिले. "मग सांगून टाकू या मुलांना. उपाशी बसलीयत."

"पाचनंतर."

"पाचनंतर का?"

"पाचला नव्या बॅचचे पालक येतायत संस्था बघायला. त्यांना काय रिकाम्या खुर्च्या दाखवू?" संचालकांनी आवाज खाली आणला. "हॉल भरलेला पाहिजे, युनिफॉर्म पाहिजेत, जरा उत्साह पाहिजे. तेवढं सांभाळा. तुम्हाला मी काय शिकवायचं? जन्मभर तुम्ही तेच केलंत."

हे मात्र खरं होतं. सरांनी अर्धं आयुष्य विमानतळावर ड्यूटी ऑफिसर म्हणून काढलं होतं, आणि त्यातलं बरंचसं, न येणाऱ्या विमानांची वाट बघणाऱ्या लोकांना शांत ठेवण्यात. मुलांनी त्यांचं नाव 'डिले सर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि एखादी पदवी मिळाल्यासारखं ते त्यांनी स्वीकारलंही होतं. त्यांचा सगळ्यात गाजलेला तास याच विषयावर असे. प्रवाशाला सगळा उशीर एकदम सांगायचा नाही. अर्ध्या अर्ध्या तासानं सांगायचा, म्हणजे माणूस हप्त्याहप्त्यानं सोसतो. कुरकुर सुरू झाली की पाणी वाटायचं. आवाज चढले की नाश्ता द्यायचा, कारण तोंड भरलेलं असलं की भांडता येत नाही. आणि विमान रद्दच झालं असेल, तर शेवटी कोट घातलेला एखादा साहेब समोर आणून माफी मागायला लावायची. पाणी, नाश्ता, साहेब. पोरं हे पाढ्यासारखं म्हणत.

सर बाहेर आले. सगळे पाय एकदम थांबले.

"थोडा उशीर होतोय," सर म्हणाले. "वाहतूक अडकलीय कुठेतरी. अर्ध्या तासात येतील."

पाय पुन्हा हलायला लागले.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठून आली. ती इतकी उंच होती की तिला सगळे 'टॉवर' म्हणत, आणि कुणाशी बोलताना थोडी वाकायची तिला सवय लागली होती. आत्ताही ती वाकूनच बोलली.

"सर, एक विचारू? मामांनी एका हॉस्पिटलात शब्द टाकलाय. रिसेप्शनला जागा आहे. चारला बोलावलंय, गावाच्या त्या टोकाला. तीनला तरी निघावं लागेल."

"आजच?"

"आजच. दुसरा दिवस देणार नाहीत म्हणाले. घरी आईचं म्हणणं, हॉस्पिटलच धर. पण मला हेच हवंय, सर. दोन वर्षं याच्यासाठीच..." तिनं वाक्य सोडून दिलं. "ते नक्की येतायत ना?"

"येतील की."

"मग थांबू?"

केबिनच्या काचेमागे संचालक कोटावरची धूळ झटकत होते.

"थांब थोडी," सर म्हणाले.

"तुम्ही म्हणताय ना, मग थांबते," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. सरांना वाटलं, हिनं जरा हुज्जत तरी घालायला हवी होती.

ते हॉलभर फिरत राहिले. सरळ असलेली रांग सरळ केली. एका मुलाची नेमप्लेट काढून तिथेच पुन्हा लावली. खिडकी उघडली, खालून रबराचा वास आला, खिडकी लावली. थोड्या वेळानं संचालकांनी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं बाहेर पाठवलं. मुलांनी बाटल्या घेतल्या. दोनतीन जणांनी बाटलीकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"उकडतंय ना," सर न विचारताच म्हणाले.

टॉवरचा फोन वाजला. पलीकडचा आवाज असा होता की फोनची गरजच नसावी.

"अगं, निघालीस का?"

"मामा, इथे अजून यायचेत ते."

"सकाळपासून यायचेत! मी त्या डॉक्टरांपुढे तोंड घेऊन जायचं की नाही? तिथे बसून काय विमान उडणारेय का तुझं?"

"निघते, मामा. थोड्या वेळात." तिनं फोन ठेवला. सरांकडे बघितलं नाही. घड्याळांकडे बघितलं, चालू असलेल्या एकाकडे.

मग नाश्ता आला. पुठ्ठ्याची छोटी खोकी, आत सँडविच आणि केकचा तुकडा. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, जसा काही खोक्यात निकाल होता. सहा महिन्यांपूर्वी याच हॉलमध्ये याच सरांनी फळ्यावर हा क्रम लिहून दिला होता. भूक सगळ्यांना लागली होती, पण खोकं उघडायचं म्हणजे काहीतरी मान्य करायचं, अशा चेहऱ्यानं सगळे बसून राहिले.

पहिल्या रांगेत एक गुटगुटीत मुलगा होता. रोज भलीमोठी बॅग घेऊन येतो म्हणून त्याचं नाव 'लगेज'. त्यानं हात वर केला.

"सर, साहेब किती वाजता येणार?"

"कुठले साहेब?"

"नाही, नाश्ता झाला म्हणून विचारलं."

हसले सगळे, पण हसणं चांगलं नव्हतं. केबिनचं दार पुन्हा किलकिलं झालं. "प्रॅक्टिस घ्या त्यांची!" संचालक दाबलेल्या आवाजात म्हणाले. "बसवून काय ठेवलंय?" त्यांनी आता कोट घातला होता.

सर काउंटरपाशी गेले. "प्रॅक्टिस," ते म्हणाले. "प्रवासी मी."

प्रवासी नेहमी तेच असत. चिडलेला प्रवासी ते असा काही वठवत की एकदा खालचा टायरवाला भांडण सोडवायला पाना घेऊन वर आला होता. त्यामुळे थोडी सावरासावर झाली. कानही टवकारले गेले.

"काउंटरवर कोण?"

कुणी उठेना.

"तू ये," ते टॉवरला म्हणाले.

ती काउंटरमागे जाऊन उभी राहिली. स्कार्फ नीट केला, वाकलेली पाठ सरळ केली. तिथे उभी राहिली की ती वाकत नसे.

"या सर. काय मदत करू आपली?"

सर ओरडले नाहीत. त्यांनी प्लायवुडवर दोन्ही कोपरं टेकली.

"बाई, मला चारला एका ठिकाणी पोहोचायचंय. गावाच्या त्या टोकाला. मामानं शब्द टाकलाय."

कुणीतरी खुदकन हसलं. टॉवरची बोटं काउंटरच्या कडेवर थांबली.

"तुमच्या विमानासाठी थांबलो, तर ते हातचं जाईल," सर म्हणाले. "आणि विमानातच जायची हौस आहे, म्हणून पाय निघत नाही. तुम्ही सांगा. थांबू, की निघू?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग शिकवलं होतं अगदी तसं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं. ओठांचे कोपरे वर, नजर स्थिर.

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर. विमान रद्द झालेलं नाही. थोडा उशीर आहे. आपण कृपया बसून घ्या."

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. इतकं स्वच्छ आजवर एकाही बॅचमध्ये कुणी बोललं नव्हतं. लगेजनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"चूक," सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

"काय चुकलं, सर?" हसू अजून जागेवर होतं. "शब्द तर तुमचेच आहेत."

"शब्द बरोबर आहेत. पुन्हा सांग. थांबू, की निघू?"

आता तिचे ओठ मिटले. "ते मला कुठून माहीत असणार? काउंटरवरच्या माणसाला आतलं काय कळतं?"

"कळतं," सर म्हणाले. "त्याला आधीच कळलेलं असतं."

खाली कुणीतरी टायर आपटला. पंख्याच्या वाऱ्यानं रिकाम्या बाटलीचं झाकण फरशीवर घरंगळत गेलं, आणि ते थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

"मग निघा, सर," ती म्हणाली. आवाज काउंटरवरचा नव्हता, घरातला होता. "निघा तुम्ही."

"बरोबर," सर म्हणाले. "पळ."

तिनं बॅग उचलली. आभार मानले नाहीत, मागे वळून बघितलं नाही. तेवढा वेळच नव्हता, असं सरांनी स्वतःला सांगितलं. जिन्यावर तिच्या टाचांचा आवाज धडधडत खाली गेला.

"सर," लगेज हळूच म्हणाला, "आम्ही पण प्रवासीच का?"

"सगळेच."

खुर्च्या सरकल्या. जाताना काहींनी सरांकडे बघितलं, काहींनी मुद्दाम बघितलं नाही. एका मुलीनं स्कार्फ सोडून काउंटरवर ठेवला, घडी घालून. मघाच्या टायवाल्या मुलानं गाठ सैल केली आणि मोठा श्वास घेतला.

संचालक बाहेर आले तेव्हा लगेज आणि आणखी चौघे तेवढे उरले होते, तेही केक संपवायला. संचालकांचा चेहरा उशिराबद्दलच्या दिलगिरीसाठी तयार होता. तो त्यांना घाईघाईनं बदलावा लागला.

"काय केलंत हे?"

"प्रॅक्टिस घेतली."

"हसताय?"

"नाही."

संचालक जोडखुर्चीत मटकन बसले. सवयीनं त्यांचा हात खुर्चीच्या पट्ट्याकडे गेला. "दोन महिने मी त्या कंपनीच्या ऑफिसात बाकावर बसलोय, माहितीय? दोन महिने. मलासुद्धा पाणी द्यायचे. बिस्किटं द्यायचे. गेल्या आठवड्यात त्यांचा साहेब स्वतः बाहेर आला. खांद्यावर हात ठेवला माझ्या. मला वाटलं, काम झालं."

सरांनी काउंटरवरच्या स्कार्फची घडी नीट केली.

"उद्यापासून तुम्ही..." संचालकांनी सुरुवात केली, पण जिन्यावर पावलं वाजली. पालक वेळेच्या बरेच आधी आले होते. संचालक झटकन उठले, कोट खाली ओढला. "उद्याचं उद्या. आत्ता तिथे काउंटरमागे उभे राहा. आणि तुम्ही पाच जण, पसरून बसा रे!"

सर काउंटरमागे उभे राहिले नाहीत. पालकांना वाट देऊन ते जिना उतरून खाली आले आणि टायरच्या दुकानासमोर, कुठे जायचं ते न ठरल्यासारखे, इकडून तिकडे चालत राहिले. दुकानदारानं विचारलं, "आज आरडाओरडा नाही झाला, सर?" सरांनी नुसतीच मान हलवली. घरी जावं असं त्यांना वाटलं नाही. वर जावं असंही नाही.

उजेड उतरत असताना फोन वाजला.

"सर, मी." टॉवर दबक्या आवाजात बोलत होती.

"पोहोचलीस?"

"पोहोचले वेळेत. आत तिघं होते. एकच प्रश्न विचारला त्यांनी. ऑपरेशन लांबलंय, नातेवाईक बाहेर ताटकळलेत, पुन्हा पुन्हा येऊन विचारतायत. काय सांगशील?"

सर चालायचे थांबले. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, जे माहीत असेल तेच सांगेन. उगाच अर्धा तास, अर्धा तास करणार नाही."

"मग?"

"एकमेकांकडे बघितलं त्यांनी. बाहेर थांबा म्हणाले."

"कधीची थांबलीयस?"

"तेव्हापासून. बाकीच्यांना आत बोलावतायत, सोडतायत. मला काहीच नाही. मामा फेऱ्या मारतायत नुसत्या. सर, उत्तर बरोबर होतं ना?"

दुकानातल्या माणसानं हवा भरायचं यंत्र सुरू केलं. सरांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला. यंत्र बंद होईस्तोवर काहीतरी सुचेल असं त्यांना वाटलं. यंत्र बंद झालं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

"हं." ती रागावली नव्हती. "ठेवू का मग?"

"नको. असू दे चालू."

"बरं."

पलीकडे मामांच्या चपला जवळ येत होत्या, लांब जात होत्या. एकदा कुठलंसं दार उघडल्याचा आवाज आला, तिनं श्वास आत घेतलेला सरांना ऐकू आला, आणि दार पुन्हा लागलं.