खिडकीजवळची खाट

दवाखान्याच्या वॉर्डात शिंप्याला खिडकीजवळची खाट मिळाली होती, पण त्याला तिचं काडीचं कौतुक नव्हतं. शेजारचे म्हातारे मास्तर मात्र सारखे तिकडे मान उंचावून बघायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे कुणी काहीही विचारलं की हसून मान डोलवायचे.

"या इकडे मास्तर," शिंपी त्यांच्या कानाशी ओरडला. "मला काय, घोरायचं तर कुठेही घोरता येतं."

जेवणाआधी दोघांनी गुपचूप खाटा बदलल्या आणि शिंपी हात धुवायला गेला. परत येतो तो सिस्टर मास्तरांच्या दंडातून सुई काढत होती.

"सिस्टर, ते माझं साखरेचं इंजेक्शन ना, इन्सुलिनचं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "शिंपीकाका ना, असं विचारलं मी. त्यांनी मान हलवली."

पण ती थिजून उभी राहिली नाही. डॉक्टरांना बोलावलं, मास्तरांची साखर तपासली, ग्लुकोजचं पाणी पाजलं, ताट पुढे ओढलं. मास्तरांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. शिंप्याला त्याचं इंजेक्शन दुसऱ्या सिस्टरने दिलं, तेही मनगटावरची नावाची पट्टी वाचून; पण जेवताना त्याची नजर मास्तरांवरून हटेना. दुपार कलल्यावर मास्तरांनी चहात बिस्कीट बुडवलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी मास्तरांची लेक आली. आता सगळे मूग गिळून बसणार, असं शिंप्याला वाटलं. पण सिस्टर स्वतःच पुढे झाली.

"तुमच्या वडिलांना मी चुकीचं इंजेक्शन दिलं. आता ते बरे आहेत, पण रात्रभर साखर बघत राहू."

"अहो, जीव गेला असता त्यांचा!" लेक कडाडली.

"हो. गेला असता."

शिंप्याला राहवेना. "पोरी, खाटा मी बदलल्या. कुणाला न विचारता."

"काका, तुम्ही सांगायला हवं होतं हे खरं," सिस्टर म्हणाली. "पण नाव त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, पट्टी वाचायची, हे काम माझं होतं."

लेक बराच वेळ वडिलांचा हात चोळत बसली. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

"यांना डाव्या कानाने बरं ऐकू येतं," ती म्हणाली. "लिहून ठेवा कुठेतरी."

सिस्टरने उशाकडच्या पाटीवर ठळक अक्षरात लिहिलं आणि स्टूल उचलून मास्तरांच्या डाव्या बाजूला ठेवलं.